तेरा तास दहा मिनिटं

१

बुधवारी सकाळी ऑफिसचं शटर अजून पुरतं वर गेलं नव्हतं, तोच हेडमास्तर त्याखालून वाकून आत आले. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी सर अजून घंटा झाल्यासारखेच चालायचे. खिशाला लाल पेन, हातात तिकिटाचा कागद, आणि कागदावर लाल शाईचं हे एवढं वर्तुळ.

"कुणाचा हा पराक्रम?" त्यांनी कागद काउंटरवर ठेवला.

लांबच्या विमानप्रवासांची तिकिटं काढून देणारं ते छोटंसं ऑफिस. एका बाजूला चष्म्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला लाँड्री. मालक चहाचा कप तसाच ठेवून धावत आला आणि वर्तुळात डोकावला. सरांच्या पत्नी मुलाकडे निघाल्या होत्या. शनिवारी रात्री इथून निघायचं, रविवारी सकाळी सहा चाळीसला मधल्या शहरात उतरायचं आणि नऊ दहाचं विमान धरून पुढे जायचं, असं ठरलं होतं. थांबा अडीच तासांचा. कागदावर मात्र पुढचं विमान होतं संध्याकाळी सात पन्नासचं.

"तेरा तास दहा मिनिटं!" सर कडाडले. "बासष्ट वर्षांची बाई, आयुष्यात पहिल्यांदा एकटी निघालेली, गुडघे हे असे. तेरा तास एका खुर्चीवर बसवून ठेवणार तिला?"

मालकाने मान वळवून काउंटरवरच्या मुलीकडे पाहिलं. तिला सगळे 'नवी' म्हणायचे. लागून आठ महिने झाले, दोन खुर्च्या तिच्यानंतर आल्या, पण ती आपली नवीच. पहिल्याच महिन्यात तिने एका गिऱ्हाइकाचं सकाळचं विमान संध्याकाळचं समजून घोळ घातला होता. तेव्हाच मालकाने बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर दुसरीकडे काम बघ. घरात कमावती ती एकटीच, त्यामुळे ते वाक्य ती विसरणं शक्य नव्हतं.

नवी उठून उभी राहिली. "माझीच चूक आहे, सर. सकाळचं सात पन्नास समजून मी संध्याकाळचं घेतलं."

ती इतकं चटकन कबूल करेल असं कुणाला वाटलं नव्हतं. भांडायला आलेल्या माणसाला समोरून काहीच आलं नाही की तो जरा हिरमुसतो, तसे सर हिरमुसले. "उद्या अकराला येतो," ते म्हणाले. "तोवर तिकीट होतं तसं करा. आणि ही मुलगी मला इथे दिसता कामा नये."

मागच्या टेबलाशी मालकाची आत्या पेन्सिलीला टोक काढत बसली होती. तिचा हात थांबला.

"सकाळचं सात पन्नास?" ती स्वतःशीच पुटपुटली. त्या मार्गावर सकाळी सात पन्नासला विमानच नव्हतं.

२

आत्या म्हणजे मालकाची सख्खी आत्या. ऑफिस भाच्याचं, पण जोड लावावी ती आत्यानेच. एक विमान उतरलं की दुसरं किती वेळाने धरायचं, कुठल्या दारातून कुठल्या दारात जायचं आणि मधे माणसाची दमछाक किती होणार, याचं गणित म्हणजे जोड. कॉम्प्युटर अशा शंभर जोडी चुटकीसरशी दाखवतो. "पण त्याला मेल्याला गुडघे नाहीत," आत्या म्हणायची, "त्याला काय कळणार!"

प्रत्येक कुटुंबाचं एक जोडपत्र असायचं. पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा पुठ्ठा. पुढच्या बाजूला आत्याच्या पेन्सिलीतली सगळी विमानं, मागची बाजू कोरी. आत्याने लावलेल्या जोडीत किंवा तिकिटात काही बदल करायचा असला की प्रवाशाने त्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या हाताने कारण लिहायचं आणि सही करायची. एका गिऱ्हाइकाने पूर्वी "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणून आकाशपाताळ एक केलं होतं, तेव्हापासूनचा हा दंडक.

सर गेल्यावर मालक कॉम्प्युटरकडे वळला. "देतो नऊ दहाचं करून. जागा आहेत अजून."

"हात लावू नकोस," आत्या म्हणाली.

"आत्या, अगं मुलीने कबूल केलंय!"

"म्हणूनच म्हणते. जे विमान नाहीच, त्याच्याशी गल्लत होईल कशी? त्या मार्गावर दिवसाकाठी तीन विमानं. सकाळी नऊ दहा, दुपारी अडीच आणि संध्याकाळी सात पन्नास. ही पोरगी चूक कबूल करतेय, पण तिने कबूल केलेली चूक झालेलीच नाही."

मालकाने डोकं खाजवलं. "मग सरांच्या मुलाने केलं असेल तिकडून. त्याच्याकडे तिकिटाचा नंबर आहे."

"बदल कुठून झाला ते दिसतं ना तुझ्या त्या खोक्यात?"

दिसत होतं. गेल्या शुक्रवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी, इथूनच, नवीच्या टेबलावरून. मालक तेव्हा जेवायला गेला होता आणि आत्या दातांच्या डॉक्टरकडे.

"झालं तर!" मालक म्हणाला. "हात तिचाच."

"हात तिचा. डोकं कुणाचं, ते बघू." आत्याने फायलींचं कपाट उघडलं, सरांची फाईल काढली आणि उघडून तशीच उभी राहिली. तिकिटांच्या प्रती होत्या, पासपोर्टच्या प्रती होत्या. जोडपत्र मात्र गायब होतं.

३

"कार्ड कुठाय गं?" आत्याने विचारलं.

नवी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होती. ते काही केल्या लागेना. "हरवलं असेल."

"या ऑफिसातून आजवर एक कार्ड हरवलेलं नाही. बरं, मला सकाळचं सात पन्नासचं विमान दाखव बघू."

नवीचे डोळे भरून आले. आत्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. चोरी पकडली गेलेल्या माणसाचा चेहरा तिने पुष्कळदा पाहिला होता. हा तसला नव्हता. कुणाला तरी शब्द देऊन बसल्याचा होता.

"उद्या कामावर ये," आत्या म्हणाली. "माझ्या भाच्याचं मी बघते."

मग तिने सरांच्या पत्नीचं तिकीट कॉम्प्युटरवर उघडायला लावलं आणि ओळ न् ओळ वाचली. वाचायची तिला घाई नसायचीच. सरांनी बायकोसाठी तिन्ही विमानतळांवर चाकाची खुर्ची मागितली होती, म्हणजे विमानतळाचा माणूस खुर्चीत बसवून दारापासून विमानापर्यंत नेतो ती. निघताना खुर्ची होती. शेवटी पोचल्यावर होती. मधल्या शहरात मात्र नव्हती. शुक्रवारी एक बावीसला रद्द.

"आता बोल," आत्या भाच्याला म्हणाली. "घड्याळ चुकलं असं धरू. पण तेरा तास थांबणाऱ्या बाईची नेमकी तिथलीच खुर्ची कुणी चुकून काढून टाकतं का?"

मालकाने खुर्ची मागे सरकवली. तो भिंतीकडे बघत बसला. भिंतीवर ओल आली होती आणि ती झाकायला विमानकंपनीचं एक रंगीत पोस्टर लावलेलं होतं. मधल्या शहराचंच. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'थांबा बारा तासांहून मोठा? विमानतळावरच परवाना घ्या, शहर पाहून या!' वर्षभर रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे ते कुणीच वाचत नसे.

आत्याही तिकडेच बघत होती. तिने फाईल पुन्हा चाळली. मुळात प्रवास गुरुवारचा होता. सरांच्या पत्नीचा, म्हणजे वहिनींचा, नवा चष्मा शुक्रवारपर्यंत मिळणार नाही म्हणून तीन आठवड्यांपूर्वी सरांनीच तो शनिवारवर ढकलला होता.

चष्म्याचं दुकान शेजारीच. आत्या पायरी उतरली, पायरी चढली.

"सरांच्या मिसेसचा चष्मा?" दुकानदार म्हणाला. "तो तर केव्हाच नेला त्यांनी. महिना होत आला!"

४

लांबच्या प्रवाशाच्या बॅगा निघण्यापूर्वी घरी जाऊन तोलून द्यायच्या, हीसुद्धा आत्याचीच पद्धत. दुपारी ती काट्याची पिशवी खांद्याला लावून सरांच्या घरी पोचली. सर बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डॉक्टरांनी परवानगी दिली की महिन्याभराने तेही मुलाकडे जाणार होते.

"केलं का दुरुस्त?" त्यांनी पेपराआडून विचारलं.

"उद्या अकराला सगळं दुरुस्त," आत्या म्हणाली आणि आत गेली.

वहिनी गुडघ्याला पट्टा बांधून पलंगावर बसल्या होत्या. मोठी बॅग भरून तयार होती. आत्याने ती काट्याला लावली. अकरा किलो. तेवीस चालत होते.

"अर्धी रिकामीच की हो!"

"त्यात काही नाही फारसं. मुलाला-सुनेला तिकडे सगळं मिळतं. नातवाला फक्त फुटबॉलचे बूट हवे होते. चौथीत गेला आता." वहिनींनी हातातली छोटी बॅग पुढे केली. ती मात्र फुटायला आली होती. "हिला किती चालतात? सात ना?"

काट्याने नऊ दाखवले.

"यातलं दोन किलो मोठ्या बॅगेत टाका. तिकडे जागाच जागा आहे."

"नको, नको!" वहिनींनी बॅग चटकन आपल्याकडे ओढली. "ती मोठी बॅग थेट तिकडेच निघते ना? मधे मिळत नाही ना हातात?"

"नाही मिळत."

"मग यातलं तिकडे नको."

ओढाओढीत बॅगेची चेन थोडी उघडली होती. आत एक विणलेला स्वेटर दिसत होता, पिवळा, पुढे दोन गोंडे. फार तर दोन वर्षांच्या मुलाच्या अंगाचा. चौथीतल्या नातवाच्या तो डोक्यातूनही गेला नसता.

आत्याने चेन सावकाश लावली. तिला सगळं कळलं होतं आणि कळून फार बरं वाटलं होतं अशातला भाग नव्हता. दुसऱ्याच्या घरातलं असं काही कळलं की माणसाला चोरासारखं होतं.

निघताना ती हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, उद्या अकराला सरांबरोबर तुम्हीही या. ती काउंटरवरची पोरगी चूक आपल्यावर घेतेय. नोकरी जातेय तिची, तरी तोंड उघडत नाही."

वहिनींच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "मला हे माहीत नव्हतं हो," त्या म्हणाल्या.

"माझ्याकडून काही बाहेर जाणार नाही. पण तुम्ही या."

५

गुरुवारी अकराला सर आले. मागून वहिनी, एकेक पायरी सांभाळत. नवी काउंटरमागे उभी होती. तिला पाहताच सरांचा पारा चढला.

"मी काल काय सांगितलं होतं?"

"बसा, सर," आत्या म्हणाली. "तुम्ही चाळीस वर्षं पोरांचे पेपर तपासलेत. आज माझा एक तपासा. गणित चुकलं असेल तर खुशाल लाल रेघ मारा."

सर बसले. तपासायचं म्हटल्यावर त्यांना नाही म्हणवेना.

"या मुलीने कबूल केलेली चूक होऊच शकत नाही," आत्याने सुरुवात केली, "कारण सकाळी सात पन्नासला विमान नाही. म्हणजे तिने संध्याकाळचं विमान जाणूनबुजून घेतलं. तिचा काय फायदा? काहीच नाही, उलट नोकरी गेली. मग तिने ते दुसऱ्या कुणासाठी घेतलं. बरं, ज्याला घाईची जोड नको, त्याला अडीचचं विमान होतं की. आठ तासांची उसंत मिळाली असती. ते सोडून सात पन्नासचंच का?"

"का?" सरांनी विचारलं. पेपर तपासणारा माणूस जागा झाला होता.

"ते पोस्टर वाचा."

सरांनी एक डोळा बारीक करून पोस्टर वाचलं.

"बारा तासांच्या वर थांबा असला तरच बाहेर जायचा परवाना मिळतो. तिन्हींपैकी फक्त सात पन्नासलाच तो बसतो. आणि मधली चाकाची खुर्ची का काढली? खुर्चीवाला माणूस प्रवाशाला एका दारातून थेट दुसऱ्या दारात पोचवतो, शहरात सोडत नाही. ज्याला बाहेर पडायचंय, त्याला ती खुर्ची अडचणच."

"पण कोण बाहेर पडणार?" सर म्हणाले. "तिकीट तर..." आणि ते थांबले.

"चष्मा शनिवारपूर्वी मिळणार नाही म्हणून तुम्ही तारीख ढकललीत. शेजारी विचारून आले, चष्मा महिन्यापूर्वीच नेलाय. म्हणजे शनिवारी निघायचं होतं ते चष्म्यासाठी नाही. शनिवारी निघालं की मधल्या शहरात उजाडतो रविवार. ज्याला आठवडाभर कामावर जावं लागतं, त्याला रविवारीच दिवसभर मोकळीक असते."

आत्याने पेन्सिल टेबलावर ठेवली.

"माझं गणित इथवर. त्या शहरात कोण राहतं, ते मला ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही. एवढंच सांगते, चूक कुणाचीच नाही. तिकीट ज्याचं त्याच्या मर्जीने बदललंय, आणि ही पोरगी दिलेला शब्द पाळतेय."

सर हळूहळू बायकोकडे वळले.

६

"तुमची लेक राहते," वहिनी म्हणाल्या. "सहा वर्षं झाली. लग्न केलं म्हणून तिने पत्र लिहिलं, तुम्ही त्यावर लाल शाईने 'अमान्य' असा शेरा मारलात आणि पत्र परत पाठवलंत. मी तेव्हा गप्प बसले. चुकलंच माझं. तिला मुलगी झाली, दोन वर्षांची आहे. मी तिला फोनवरच्या चित्रात पाहते, तेही तुम्ही आंघोळीला गेलात की. मला तिला एकदा मांडीवर घ्यायचं होतं. दुसरं काही नाही."

त्या नवीकडे वळल्या. "आणि ह्या मुलीला मीच गळ घातली, सरांना सांगू नकोस म्हणून. तुझ्यावर येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं. माफ कर मला."

नवीने टेबलाचा खण उघडला आणि तळातून जोडपत्र काढून काउंटरवर ठेवलं. कोरी बाजू वर होती, पण आता ती कोरी नव्हती. तिच्यावर वहिनींचं गोल अक्षर होतं: 'लेकीला भेटायचं आहे. नात अजून पाहिलेली नाही.' खाली सही.

सरांनी कार्ड दुखऱ्या डोळ्यापासून लांब धरलं, जवळ आणलं. दोन ओळी वाचायला त्यांना फार वेळ लागला. मालक उगीचच कप विसळायला आत गेला.

"तू येणार हे तिला माहीत आहे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो. न्यायला येणार आहे."

"काय म्हणाली?"

"बाबांचा डोळा कसा आहे, विचारत होती."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुसून काही उपयोग झाला नाही, कारण ओल काचेवर नव्हतीच. मग त्यांनी घसा खाकरला आणि वर्गावर आल्यासारखे ताठ बसले.

"हिच्या तिकिटाला कुणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. "आता माझं काढा. पुढच्या महिन्याचं. मधे थांबा किती आहे?"

नवीने भराभर कळा दाबल्या. "अडीच तास, सर."

"कमी आहे."

"किती हवा?"

"बाराच्या वर. आणि रविवार बघा." त्यांनी पोस्टरकडे पुन्हा एक नजर टाकली. "सात पन्नासचं घ्या. संध्याकाळचं. चुकू नका."

"नाही चुकणार, सर," नवी म्हणाली. तिला हसूही येत होतं आणि रडूही.

"आणि ती मधली खुर्ची मलाही नको."

"कारण लिहावं लागेल, सर," आत्याने कार्ड त्यांच्यापुढे सरकवलं. "मागच्या बाजूला, स्वतःच्या हाताने. नियम आहे."

सरांचा हात सवयीने खिशाकडे गेला. त्यांनी लाल पेन काढलं, त्याच्याकडे पाहिलं आणि ते काउंटरवर ठेवून दिलं. "जरा तुमची पेन्सिल द्या, बाई."

ते बराच वेळ कार्डावर वाकून बसले. एक ओळ लिहिली, खोडली. दुसरी लिहिली, तीही खोडली. मग बायकोच्या दोन ओळींखाली त्यांनी एकच शब्द लिहिला, सही केली आणि बायकोला हात देऊन उठवलं. दोघं पायऱ्या उतरून गेली. लाल पेन काउंटरवरच राहिलं.

आत्याने कार्ड उचलून फाईलमध्ये ठेवताना वाचलं. शाळेतल्या फळ्यावर असावं तसं सुरेख, वळणदार अक्षर होतं: 'वरीलप्रमाणे.'